छापील पान साक्षीला

मॅसॅच्युसेट्सच्या पश्चिम टोकाला, बर्कशायरच्या टेकड्यांत स्टॉकब्रिज नावाचं छोटं गाव आहे. गावाबाहेर 36 एकरांच्या आवारात चित्रकार नॉर्मन रॉकवेल याचं संग्रहालय उभं आहे. वरच्या मजल्यावर मोठमोठी तैलचित्रं आहेत, त्यामुळे पाय आधी तिकडे वळणं साहजिक आहे. मला विचाराल तर आधी खाली उतरावं. खालच्या दालनात ‘सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट’ या साप्ताहिकाची मुखपृष्ठं लावलेली आहेत. ती 1916 ते 1963 या सत्तेचाळीस वर्षांतली, सगळी रॉकवेलची, तीनशेवीसहून अधिक. हा कागद एके काळी लाखो अमेरिकी घरांत टपालाने यायचा, चहा-कॉफीचे डाग अंगावर घ्यायचा आणि पुढचा अंक आला की रद्दीत जायचा.

रॉकवेलचा जन्म 1894 चा, न्यूयॉर्कचा. ‘पोस्ट’वर त्याचं पहिलं चित्र आलं 20 मे 1916 च्या अंकात, तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. नटूनथटून बाबागाडी ढकलणारा एक वैतागलेला मुलगा आणि त्याची टर उडवणारे, बेसबॉलच्या पोशाखातले त्याचे मित्र, असा तो विषय. त्या काळची मुखपृष्ठं बघताना सगळ्यात आधी एक गोष्ट डोळ्यांत भरते, ती म्हणजे रंगांची टंचाई. काळा आणि लाल, बस्स. छपाईचं तंत्र तेवढंच पुरवत होतं, त्यामुळे चित्रही तेवढ्यातच बसवावं लागे. लाल स्वेटर, लाल टोपी, लाल कानशिलं. 1926 च्या फेब्रुवारीत ‘पोस्ट’नं पहिलं पूर्ण रंगीत मुखपृष्ठ छापलं, तेही रॉकवेलचंच. पुढेही बरीच वर्षं त्याची माणसं कोऱ्या पांढऱ्या पार्श्वभूमीवर उभी दिसतात. 1942 मध्ये बेन हिब्स संपादक झाले, मुखपृष्ठाची मांडणी बदलली आणि मग चित्रांत खोल्या आल्या, रस्ते आले, दुकानांच्या काचा आल्या. चित्रकार मोठा झाला तो पानाच्या मापानं, हे खालच्या दालनात जितकं कळतं तितकं वरच्या मजल्यावर कळत नाही.

स्वतःला तो इलस्ट्रेटर म्हणवून घेई. या शब्दाला कलासमीक्षकांच्या तोंडी बराच काळ थोडी कडवट चव होती. चित्रं गोड, भाबडी, मध्यमवर्गाला गुदगुल्या करणारी, असा शेरा ठरलेला. त्यात तथ्य अजिबात नाही असं म्हणता येणार नाही. त्याचे आजोबा जरा जास्तच मायाळू असतात आणि कुत्री जरा जास्तच समजूतदार. पण 1960 च्या फेब्रुवारीतलं ‘ट्रिपल सेल्फ-पोर्ट्रेट’ वरच्या मजल्यावर निवांत बघावं. पाठमोरा रॉकवेल आरशात वाकून बघतोय. आरशातल्या चष्म्याच्या काचा पांढऱ्या, डोळे दिसतच नाहीत. आणि समोरच्या कॅनव्हासवर मात्र चष्मा नसलेला, देखणा, बराच तरुण रॉकवेल उमटतोय. चेहरा पुरता रंगवून व्हायचाय, पण खाली सही तयार आहे. कॅनव्हासच्या कोपऱ्यात ड्यूरर, रेम्ब्रांट, पिकासो आणि व्हॅन गॉग यांची आत्मचित्रं टाचलेली. समीक्षक पुढे जे म्हणणार होते ते या माणसानं आधीच रंगवून, वर विनोद करून, बारा आण्यांच्याही खाली किंमत असलेल्या साप्ताहिकावर छापून टाकलं होतं.

संग्रहालयाचा जन्मही जरासा अपघातानेच झाला. मुख्य रस्त्यावरचं ‘ओल्ड कॉर्नर हाउस’ नावाचं जुनं घर पाडलं जाण्याच्या बेतात होतं. ते वाचवायला गावकरी पुढे सरसावले, त्यांत रॉकवेल आणि त्याची पत्नी मॉली हेही होते. 1969 मध्ये ते घर खुलं झालं आणि रॉकवेलनं आपली काही चित्रं तिथे लावायला दिली. लोक यायला लागले ते चित्रांसाठी. 1973 मध्ये त्यानं आपला चित्रसंग्रह विश्वस्त निधी करून संग्रहालयाच्या हवाली केला, पुढे स्टुडिओही दिला. 1978 मध्ये तो गेला. आजची इमारत 1993 ची, वास्तुरचनाकार रॉबर्ट स्टर्न यांची. गावातला लाकडी स्टुडिओ त्याआधीच, 1986 मध्ये, उचलून या आवारात आणून ठेवला होता. तो आता 1960 च्या ऑक्टोबरात जसा होता तसा मांडलेला आहे, कारण त्या महिन्यात रॉकवेल ‘गोल्डन रूल’ या चित्रावर काम करत होता.

त्याची कामाची रीत समजून घेण्यासारखी आहे, कारण चित्रांतला सहजपणा बघून ती लक्षात येत नाही. आधी खरडलेली छोटी कल्पना. मग शेजारीपाजारी शोधायचे: गावातली पोरं, दुकानदार, पोलीस. त्यांना उभं करायचं आणि हवा तो चेहरा स्वतः करून दाखवायचा. 1930 च्या दशकाच्या मध्यापासून तो छायाचित्रांचा आधार घेऊ लागला. कॅमेऱ्याचं बटण दुसरा कुणी दाबे, रॉकवेल दिग्दर्शन करी. एका चित्रासाठी ढीगभर फोटो निघत; एकातला हात, दुसऱ्यातली भुवई, तिसऱ्यातला बूट असं निवडून जुळवणी होई. मग ‘बॅलॉप्टिकॉन’ नावाच्या प्रक्षेपकानं प्रतिमा कागदावर पाडून आकार उतरवायचे, पूर्ण मापाचं कोळशाचं रेखाटन करायचं, रंगांचा छोटा कच्चा खर्डा करायचा, आणि सगळ्यात शेवटी कॅनव्हास. फोटोंचा आधार घेतो याची त्याला थोडी लाजही वाटे. 2009 मध्ये संग्रहालयानं ‘बिहाइंड द कॅमेरा’ हे प्रदर्शन भरवून नेमकं तेच गुपित भिंतीवर टांगलं. त्यातल्या छायाचित्रांत शेजाऱ्यांचे चेहरे साधे, थोडे अवघडलेले दिसतात. चित्रात पोचेपर्यंत त्यांचं जे होतं, ते रॉकवेलचं.

मधल्या अष्टकोनी दालनात ‘फोर फ्रीडम्स’ची चार चित्रं आहेत. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी 1941 च्या जानेवारीतल्या भाषणात भाषण, उपासना, गरजांपासून मुक्ती आणि भयापासून मुक्ती अशी चार स्वातंत्र्यं मांडली होती. ती चित्रांत आणायला रॉकवेलला सात महिने लागले. 1943 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ‘पोस्ट’च्या चार अंकांत ती आली, नंतर मूळ चित्रं शहरोशहरी फिरली आणि त्या दौऱ्यात 13 कोटी डॉलरहून अधिक रकमेचे युद्धरोखे विकले गेले. गरजांपासून मुक्तीच्या चित्रात आजीबाई जेवणाच्या टेबलावर भाजलेली टर्की ठेवताहेत. ती टर्की खरी होती, थँक्सगिव्हिंगच्या दिवशीची. रंगवून झाल्यावर घरच्यांनी ती खाल्ली. आपल्या मॉडेलला खाऊन टाकण्याचे प्रसंग फार थोडे आले, असं रॉकवेल पुढे गमतीनं सांगे.

आता त्या चित्राची गोष्ट, जिच्यामुळे मी खालच्या दालनाची एवढी भलामण करतोय. 25 सप्टेंबर 1954 च्या मुखपृष्ठावर ‘ब्रेकिंग होम टाइज’ आलं. जुन्या ट्रकच्या पायरीवर बाप आणि मुलगा बसलेत. मुलगा विद्यापीठात शिकायला निघालाय, कडक इस्त्रीचा सूट, डोळे रुळांच्या दिशेला. बाप खाली वाकलेला, हातात टोप्या, नजर भलतीकडे. कुत्र्यानं मुलाच्या गुडघ्यावर डोकं टेकलंय. हे मूळ चित्र 1960 मध्ये रॉकवेलच्या जुन्या गावचा, व्हरमाँटमधल्या आर्लिंग्टनचा शेजारी आणि व्यंगचित्रकार डॉन ट्रॅक्टी यानं 900 डॉलरला विकत घेतलं. पुढे त्याचा घटस्फोट झाला. चित्र त्याच्याकडेच राहिलं आणि कितीही गिऱ्हाइकं आली तरी त्यानं ते विकलं नाही. 2003 मध्ये ते स्टॉकब्रिजला प्रदर्शनात लागलं.

जाणकार चित्रासमोर उभे राहत आणि चुळबुळत. रंग कुठे तरी वेगळे, मुलाचा चेहरा ‘पोस्ट’च्या मुखपृष्ठावरच्यासारखा नाही. कॅनव्हास तैलरंगाचा, मालकी निःशंक, मग चुकलं असेल ते कागदाचं किंवा मधल्या साफसफाईचं. डागडुजी करताना कुणी तरी चित्र बिघडवलं असावं, असं मानून विषय मिटवला गेला. ट्रॅक्टी 2005 मध्ये वारला. 2006 च्या मार्चमध्ये त्याच्या मुलांना घरातल्या लाकडी भिंतीत एक फट दिसली. भिंत सरकवली तर मागे खरं ‘ब्रेकिंग होम टाइज’ होतं. प्रदर्शनात लागली होती ती ट्रॅक्टीनं स्वतःच्या हातानं केलेली नक्कल. का केली हे तो कुणालाच सांगून गेला नाही. घटस्फोटाच्या वाटणीतून चित्र वाचवायला, असा मुलांचा तर्क. संग्रहालयानं मग लाज झाकली नाही, अस्सल आणि नक्कल शेजारी शेजारी टांगली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात अस्सल चित्र लिलावात 1 कोटी 54 लाख डॉलरला गेलं. काही सेंटांचं मुखपृष्ठ तेवढं सगळा वेळ खरं बोलत होतं.

मात्र हेच पान काही बाबतींत खोटंही बोलायला लावत असे. ‘पोस्ट’च्या चित्रांत कृष्णवर्णीय माणूस दाखवायचा तर तो चाकरीच्याच भूमिकेत, असा दंडक होता. एका समूहचित्रातून आपल्याला असा माणूस काढून टाकावा लागला, हे रॉकवेलनं पुढे सांगितलं आहे. ‘गोल्डन रूल’मध्ये निरनिराळ्या वंशांची, धर्मांची माणसं खांद्याला खांदा लावून उभी आहेत. ते 1961 च्या एप्रिलमध्ये छापून आलं, पण तो अपवाद होता. शेवटच्या काळात ‘पोस्ट’नं गोष्टी सांगणारी मुखपृष्ठं आवरती घेतली आणि त्याच्याकडे नेत्यांची व्यक्तिचित्रं मागायला सुरुवात केली. 19 जानेवारी 1963 च्या अंकावर जवाहरलाल नेहरू आहेत. चीनशी झालेलं युद्ध संपून तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते. आपल्याकडच्या माणसाची पावलं त्या मुखपृष्ठापाशी थबकणारच.

त्याच वर्षी रॉकवेलनं ‘पोस्ट’ सोडलं आणि तो ‘लुक’ या नियतकालिकाकडे गेला. 14 जानेवारी 1964 च्या ‘लुक’मध्ये ‘द प्रॉब्लेम वुई ऑल लिव्ह विथ’ आलं, मुखपृष्ठावर नव्हे तर आतल्या जोडपानावर. उभ्या पानात आयुष्य घालवलेल्या माणसाला इथे आडवं पान मिळालं आणि त्यानं ते चालण्यासाठी वापरलं. 1960 च्या नोव्हेंबरात न्यू ऑर्लिन्सच्या गोऱ्यांच्या शाळेत पहिलं पाऊल टाकणारी सहा वर्षांची कृष्णवर्णीय मुलगी रूबी ब्रिजेस पांढऱ्या फ्रॉकमध्ये चालली आहे. पुढेमागे चार मार्शल, त्यांची डोकी चौकटीनं कापलेली. भिंतीवर शिवी आणि फुटलेल्या टोमॅटोचा लाल ओघळ. ओरडणारा जमाव चित्रात नाही. तो जिथे असायला हवा तिथे बघणारा उभा आहे. 1975 मध्ये संग्रहालयानं पैसे मोजून घेतलेलं हे पहिलं चित्र. 2011 मध्ये ते काही महिने व्हाइट हाउसमध्ये लागलं आणि ओबामांनी खुद्द रूबी ब्रिजेस यांच्यासोबत ते पाहिलं.

1965 मध्ये रॉकवेलनं ‘मर्डर इन मिसिसिपी’ केलं. 1964 च्या जूनमध्ये मारल्या गेलेल्या चेनी, गुडमन आणि श्वर्नर या नागरी हक्क चळवळीतल्या तीन तरुण कार्यकर्त्यांचं हे चित्र. एक जमिनीवर पडलाय, दुसऱ्याला तिसऱ्यानं धरून ठेवलंय. मारेकरी दिसत नाहीत, कडेनं त्यांच्या सावल्या तेवढ्या आत येतात. रॉकवेलनं आधी ‘लुक’ला रंगांचा कच्चा खर्डा पाठवला, मग आठवडेच्या आठवडे खपून पूर्ण कॅनव्हास तयार केला. ‘लुक’च्या कलासंपादकांनी दोन्ही बघितले आणि 1965 च्या जूनमध्ये छापला तो खर्डा. एवढ्या वर्षांत त्याच्या बाबतीत असं कधी झालं नव्हतं. पूर्ण चित्र हातावेगळं होईपर्यंत खर्ड्यातला संताप निघून गेला होता, हे नंतर त्यानंच कबूल केलं. संग्रहालयात पूर्ण चित्र आहे, त्यासाठी काढलेली छायाचित्रं आहेत, खर्डाही आहे. पूर्ण चित्रात स्नायू बरोबर आहेत, शर्टाच्या चुण्या बरोबर आहेत. खर्ड्यात चेहरेही धड नाहीत, आणि माझी पसंती खर्ड्याला.