टोंगळा दुखतो म्हणजे नेमकं काय दुखतं?

आदिलाबाद : कपाशीचं निंदण म्हणजे दिवसभर उकिडवं बसून पुढे पुढे सरकायचं. नंतर वेचणी लागली की वाकायचं, भरलेलं ओझं घेऊन उठायचं. बेला, जैनथपासून पैनगंगेपलीकडे पांढरकवड्यापर्यंत संध्याकाळी एकच तक्रार ऐकू येते, "टोंगळे गेले!" मग तेल, शेक, मालीश. पण टोंगळ्यात दुखणारी जागा एकच नसते, आणि सगळ्यांना मालीश चालत नाही.

खुब्याचा सांधा वाटीत गोळा बसावा तसा खोल बसलेला असतो. टोंगळ्याचं तसं नाही. मांडीच्या हाडाची खालची दोन गोल टोकं नडगीच्या जवळपास सपाट माथ्यावर टेकलेली असतात. म्हणजे हाडं एकमेकांना धरून ठेवत नाहीत. धरतात ते चार मजबूत पट्टे, ज्यांना डॉक्टर लिगामेंट म्हणतात. दोन बाजूंना, आणि दोन आत, एकमेकांना फुली मारून. आतला पुढचा पट्टा नडगीला पुढे सरकू देत नाही.

बांधावरून उतरताना पाऊल चिखलात रुतलं आणि अंग वळलं, तर बहुतेकदा हाच तुटतो. आत 'खट्' वाजतं, दोन-चार तासांत टोंगळा टम्म फुगतो. ती सूज बहुधा सांध्यात साचलेल्या रक्ताची असते. अशा वेळी कुणाकडून ओढून, चोळून घेऊ नका. आणखी एक, एक्स-रेमध्ये हाडं दिसतात, पट्टे दिसत नाहीत. "एक्स-रे चांगला आहे" म्हणून निश्चिंत होऊन लोक पुन्हा शेतात जातात आणि पाय लचकतच राहतो. डॉक्टरांनी हातानं तपासणं, लागलं तर एमआरआय, हे महत्त्वाचं.

दोन हाडांच्या मध्ये चंद्रकोरीसारख्या दोन गाद्या असतात. त्या वजन पसरवतात, धक्का झेलतात. गादीच्या बाहेरच्या कडेलाच रक्त पोहोचतं, त्यामुळे आतल्या भागाची चीर सहसा आपोआप जुळत नाही. तुटका तुकडा मध्ये अडकला तर पाय सरळच होत नाही. तेव्हा जोर लावून सरळ करू नये.

हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा असते. तिला ना रक्त, ना नस. म्हणून झीज सुरू होते तेव्हा कळत नाही. दुखायला लागतं तोवर बरीच झालेली असते. उकिडवं बसल्यावर पुढची वाटी मांडीच्या हाडावर शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट दाबली जाते. निंदताना मधूनमधून उठावं, जमेल तिथे लांब दांड्याचं अवजार वापरावं. मांडीचा स्नायू बळकट असला तर टोंगळ्याला आधार मिळतो. त्यासाठी खाटेवर बसून पाय सरळ उचलायचा, पाच-सात सेकंद धरायचा, खाली सोडायचा. दुखापत ताजी असेल तर मात्र हे नको.

टोंगळा लाल, गरम आणि अंगात ताप असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. आत पू झाला असेल तर कूर्चा काही दिवसांतच खराब होते.

आदिलाबादेत रिम्सला जा, नदीपलीकडच्यांनी यवतमाळचं सरकारी मेडिकल जवळ करावं. दुखणं कधीपासून, पाय मुरगळला होता का, सूज लगेच आली की दुसऱ्या दिवशी, एवढं आठवून सांगा. रिम्समध्ये 'मोकालु' म्हणाले तर गोंधळू नका, तेलुगूत टोंगळ्यालाच मोकालु म्हणतात.