दप्तरातील लोहार

राजाची वंशावळ बखरकार लिहितो, सरदाराची सनदांवरून सिद्ध होते. पण गावाच्या कडेला भाता फुंकणाऱ्या लोहाराची वंशावळ कोण लिहितो? कोणीच नाही, असे उत्तर सहज दिले जाते. ते सर्वस्वी खरे नाही. लोहाराचे पूर्वज कागदावर आहेत. मात्र ते स्वतःच्या गौरवासाठी नव्हे, तर सरकारचा सारा, गावचे बलुते आणि भाऊबंदांचे तंटे यांच्या ओघात तेथे आले आहेत. म्हणूनच त्यांचा माग काढणे हे काम चिकाटीचे आहे, आणि आज ते केवळ हौसेचेही राहिलेले नाही.

हा माग वर्तमानाकडून भूतकाळाकडे काढावा लागतो. पहिली पायरी गावच्या प्राथमिक शाळेतील. तेथील जुन्या जनरल रजिस्टरात आजोबांचे नाव, त्यांच्या वडिलांचे नाव, जन्मतारीख आणि जात आढळते. पण येथेच पहिली अडचण उभी राहते. एका भावाच्या नावापुढे ‘लोहार’ असते, दुसऱ्याच्या पुढे ‘पवार’ किंवा ‘चव्हाण’, तर मराठवाड्यात कित्येकदा ‘पांचाळ’. आडनाव हे त्या वेळच्या गुरुजींना सुचले तसे लिहिले गेले. एकाच चुलीवरची माणसे कागदावर तीन कुळांची झाली, ती अशी.

दुसरी पायरी जन्ममृत्यूच्या नोंदवहीची. गावकरी तिला कोतवाल बुक म्हणतात. तिची पाने चाळताना एखाद्या घरातील लागोपाठच्या मृत्यूंपाशी बोट थांबते. 1896 नंतरच्या प्लेगने किंवा 1918 च्या इन्फ्लुएन्झाने काय केले, ते इतिहासाच्या पुस्तकापेक्षा या रुक्ष रकान्यांत अधिक स्पष्ट दिसते. ज्या घराण्याची शाखा गावातून अचानक नाहीशी झाली असे वाटते, ती कधी कधी या पानांवर संपलेली असते.

तिसरी पायरी जमिनीची. लोहाराला बलुत्याबरोबर काही गावी चाकरीपोटी इनाम जमीनही असे. गावाच्या उपयोगी पडणाऱ्या सेवकांची अशी इनामे मुंबई राज्याने 1953 च्या कायद्याने रद्द केली. त्यानिमित्ताने फेरफार नोंदवहीत पडलेली चार ओळींची नोंद हा अनेक घराण्यांच्या वतनदारीचा अखेरचा दाखला होय. तेथून मागे गेले की इंग्रजी अमदानीतील इनाम-चौकशीचे कागद लागतात. 1852 च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि कोणती जमीन कोणाकडे कोणत्या नात्याने चालत आली, याची छाननी झाली.

त्याही पलीकडे 1818 पूर्वीचे दप्तर आहे. पुण्याच्या पुरालेखागारात पेशवे दप्तराचे हजारो रुमाल कापडात बांधून ठेवलेले आहेत. रियासतकार गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली 1930 ते 1934 या काळात त्यांतील निवडक कागदांचे 45 खंड निघाले. ते प्रामुख्याने राजकारण आणि मोहिमांचे. लोहार सापडायचा तो न छापलेल्या गावझाडतीत, बलुत्याच्या हिशेबात, वतनाच्या कज्ज्यात. दोन भाऊ लोहारकीच्या वाट्यावरून भांडले की प्रकरण गोतसभेपुढे येई आणि महजर होई. त्यात वादी आपले पिढीनामा सांगे: अमका बिन तमका, त्याचा बाप अमका. ज्या घरात तंटा झाला नाही त्याची वंशावळ हरवली. ज्या घरात झाला त्याची टिकली. इतिहासाचा हा न्याय मोठा चमत्कारिक खरा.

कागदांचे मौनही ध्यानात घेतले पाहिजे. त्रिंबक नारायण अत्रे यांनी ‘गावगाडा’ या 1915 च्या ग्रंथात बलुतेदारीचा हिशेब मांडला. त्या व्यवस्थेत लोहार बहुधा पहिल्या ओळीचा, म्हणजे थोरल्या कासेचा. परंतु खळ्यावर त्याला किती पेंढ्या मिळाल्या हे दप्तर सांगते. फाळ पाजवताना लोखंडाचा कोणता रंग ओळखून तो पाणी देई, तापलेली धाव चाकावर कशी चढवी, हे सांगत नाही. भाता ओढणाऱ्या त्याच्या बायकोचे नाव तर क्वचितच येते. वतन लिहिले गेले, विद्या लिहिली गेली नाही.

तरीही त्या अपुऱ्या नोंदीवर आज एखाद्या मुलीचे शिक्षण अवलंबून आहे. महाराष्ट्रात लोहार हे इतर मागास वर्गात मोडतात, तर घिसाडी व गाडी लोहार भटक्या जमातींत. जातीच्या दाखल्यासाठी पहिल्यांना 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा आणि दुसऱ्यांना 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा पुरावा दाखवावा लागतो. पणजोबांच्या नावापुढे कारकुनाने कोणता शब्द लिहिला, की जागा मोकळीच सोडली, यावर पणतीचा प्रवेश ठरतो. ज्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या गावाचे नांगर चालते ठेवले, त्याला आपण तेच आहोत हे सिद्ध करण्यासाठी कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागाव्यात, यात काहीतरी चुकते आहे.

सप्टेंबर 2023 मध्ये नेमलेल्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदींचा शोध सुरू केला, तेव्हा तालुक्यातालुक्यांतील अभिलेख कक्षांची कपाटे उघडली गेली आणि मोडी वाचणाऱ्यांची वाण किती आहे, हेही उघड झाले. एका मागणीच्या निमित्ताने जे झाले ते सर्वच जातींच्या नोंदींसाठी नित्याचे व्हावयास हवे. पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग चालवते; त्यांचा लाभ शिक्षकांनी आणि महसुली कारकुनांनी अधिक घेतला पाहिजे. शाळेचे जुने रजिस्टर रद्दीत न टाकता त्याची प्रत काढून ठेवणे, एवढे तर प्रत्येक मुख्याध्यापकाला करता येण्यासारखे आहे.

गावात ऐरणीचा आवाज आता क्वचितच कानी येतो. आवाज परत आणणे कोणाच्या हाती नाही. पण त्याची नोंद वाळवीच्या हवाली न करणे हे मात्र आपल्याच हाती आहे.