पंपातलं मँगनीज

कपाशी कमरेला लागली की वरवट बकालच्या माझ्या दुकानात फवारणीच्या पंपांची रांग लागते. "भाऊ, हा पंप अर्ध्या वावरातच दम टाकते, पाहा बरं." बहुतेक वेळा १२ व्होल्टची शिशाची बॅटरी बसलेली असते. आता गिऱ्हाईक तिच्या जागी लिथियमची मागतं. शिशाची ८ अँपिअर-अवरची बॅटरी अडीच किलोच्या आसपास भरते, लिथियमची तेवढीच वीज निम्म्याहून कमी वजनात देते. १६ लिटरची टाकी पाठीवर घेऊन चिखलातून चालणाऱ्याला हा फरक सांगावा लागत नाही.

मी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. केलं. त्यामुळे नुसती बॅटरी बदलून गप्प बसवत नाही.

लिथियमचा गोल सेल १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब. (घरी फोडून पाहू नका, पेट घेतो.) आत दोन पातळ पट्ट्या गुंडाळलेल्या असतात. तांब्याच्या पट्टीवर ग्रॅफाइट, ॲल्युमिनियमच्या पट्टीवर बहुधा धातूच्या ऑक्साइडची काळी भुकटी. चार्जिंगला लावलं की लिथियमचे आयन ऑक्साइडमधून निघून ग्रॅफाइटमध्ये शिरतात, पंप सुरू केला की परत येतात. लिथियम कोबाल्ट ऑक्साइडचा हा उपयोग जॉन गुडइनफ यांच्या गटानं १९८० साली ऑक्सफर्डला दाखवला, सोनीनं १९९१ मध्ये अशी बॅटरी बाजारात आणली आणि २०१९ चं नोबेल गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना मिळालं.

खरी गंमत त्या भुकटीच्या बारीकपणात आहे. अख्खा हरभरा भिजायला रात्र जाते, बेसन लगेच ओलं होतं. आयनांचंही तसंच: कण शंभरपट लहान केला तर आत शिरायला लागणारा वेळ दहा हजारपट कमी होतो, कारण वेळ अंतराच्या वर्गावर ठरतो. म्हणून नॅनो, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागात मोजायचे कण.

२००० साली फ्रान्समधल्या आमियाँच्या तारास्कोन यांच्या गटानं 'नेचर'मध्ये दाखवलं, की कोबाल्टसारख्या धातूंचे नॅनो ऑक्साइड ग्रॅफाइटच्या जागी वापरता येतात आणि ग्रॅमला ७०० मिलिअँपिअर-अवरच्या घरात वीज साठवतात. ग्रॅफाइटची मर्यादा ३७२. हिशेबानं लोखंडाच्या लाल ऑक्साइडची, साध्या भाषेत गंजाची, मर्यादा तर १००७ येते! तेव्हापासून नॅनो ऑक्साइडवर जगभर शोधनिबंधांचा पाऊस पडला.

मग गंजाची बॅटरी माझ्या दुकानात का नाही? लिथियम घेतलं की हा ऑक्साइड फुगून जवळपास दुप्पट होतो, सोडलं की आकसतो, आणि कण पट्टीवरून सुटतात. पहिल्याच चार्जिंगमध्ये घेतलेल्या लिथियमचा मोठा वाटा परत येत नाही. शिवाय चार्जिंगला जेवढा व्होल्ट द्यावा लागतो, त्याहून बराच कमी हाती येतो. मधली वीज उष्णतेत जाते. निबंधात १००७ चा आकडा ठळक असतो, या तीन गोष्टी आत कुठेतरी दडलेल्या. मला तरी आकड्यापेक्षा त्या वाचायला आवडतात. लिथियम आणि टायटॅनियमचा मिळून झालेला ऑक्साइड मात्र बाजारात पोहोचला. तो ग्रॅमला १७५ च्याच आसपास देतो, पण फुगत नाही आणि झटपट चार्ज होतो.

आपल्या विदर्भाचा संबंध मँगनीजशी. भंडारा जिल्ह्यातल्या डोंगरी बुजुर्गच्या उघड्या खाणीतलं मँगनीज डायऑक्साइड टॉर्चच्या सेलसाठी जातं. 'मॉइल' या खाणकंपनीचा तिथला कारखाना विजेच्या साहाय्यानं ते शुद्धही करतो. असं शुद्ध मँगनीज डायऑक्साइड लिथियमच्या क्षाराबरोबर भट्टीत तापवलं की लिथियम मँगनीज ऑक्साइड होतं. ॲल्युमिनियमच्या पट्टीवर कोबाल्टच्या जागी तेही लावतात. कोबाल्टपेक्षा ते स्वस्त आणि कमी विषारी.

अडचण उन्हाची. ५५ अंशांच्या आसपास त्यातलं मँगनीज सेलमधल्या द्रावात विरघळू लागतं. भुकटी जितकी बारीक तितका तिचा पृष्ठभाग जास्त, आणि विरघळणंही जास्त. म्हणजे जे चार्जिंगला चांगलं तेच टिकायला वाईट. त्यावर कणांना ॲल्युमिनियम ऑक्साइडचा काही नॅनोमीटरचा लेप देतात. तरी उष्णता टाळलेलीच बरी, म्हणून मे महिन्यात टिनाच्या गोठ्यात पंप टांगून ठेवणाऱ्याला मी बॅटरी काढून घरात, सावलीत ठेवायला सांगतो, आणि विकत घेताना आत कोणतं रसायन आहे ते विचारायला सांगतो.