फौज शंभराची, लक्ष मात्र एकाचेच

भिवंडीतल्या यंत्रमागाच्या कारखान्यात एक कारागीर एकाच वेळी चार, सहा, कधी आठ माग सांभाळतो. एका मागावर कांडी संपत आलेली असते, दुसऱ्यावर ताण्याचा धागा तुटलेला असतो, तिसरा मध्येच थांबलेला असतो. नवा कारागीर जो माग थांबेल त्याच्याकडे धावत सुटतो आणि तासाभरात दमतो. मुरलेला कारागीर ठरलेल्या फेरीने फिरतो. कोणत्या मागाची कांडी आधी संपणार याचा हिशेब त्याच्या डोक्यात चालू असतो. दोघांचे हात सारखेच चालतात. फरक असतो तो लक्ष कुठे आणि केव्हा द्यायचे यात.

अशीच कसरत आज असंख्य मुले आणि मोठी माणसे पडद्यावर करत असतात. छोट्या जीवांची एक फौज हाताशी असते. कुणाला ओझे उचलायला लावायचे, कुणाला शत्रूवर सोडायचे, कुणाला मागे बोलवायचे, हे खेळणाऱ्याने ठरवायचे. जपानच्या निन्टेन्डो कंपनीचा ‘पिकमिन’ हा या प्रकारातला नावाजलेला खेळ. फोनवरचे ‘क्लॅश ऑफ क्लॅन्स’ आणि ‘क्लॅश रॉयल’ हे त्याचे दूरचे नातेवाईक. असे खेळ पहिल्यांदा हाती घेणारा बहुतेक वेळा हरतो, चिडतो आणि ‘आणखी एकच डाव’ म्हणत रात्र काढतो. हे दोन्ही टाळायचे असेल, तर हरण्यामागचे आणि थांबता न येण्यामागचे कारण समजून घ्यायला हवे.

मुंग्यांवरून सुचलेला खेळ

‘पिकमिन’ २००१ मध्ये आला. त्याची कल्पना बागेतल्या मुंग्या पाहताना सुचली, असे त्याचे जनक शिगेरू मियामोतो यांनी सांगितले आहे. ऑलिमार नावाचा अंगठ्याएवढा अंतराळवीर एका अनोळखी ग्रहावर कोसळतो. त्याच्या यानाचे ३० भाग विखुरलेले असतात आणि प्राणरक्षक यंत्रणा ३० दिवसच पुरणार असते. तिथे त्याला डोक्यावर पान असलेले रोपासारखे जीव भेटतात. त्यांचे नाव पिकमिन. एका वेळी जास्तीत जास्त शंभर पिकमिन मैदानात आणता येतात आणि ते सारे ऑलिमारच्या शिट्टीवर चालतात.

मुंग्यांशी साम्य आहे, पण एक मोठा फरकही आहे. मुंग्यांना सेनापती नसतो. अंगणात सांडलेला भाताचा कण पाच-पंचवीस मुंग्या ओढतात तेव्हा हुकूम देणारे कुणी नसते. वाट ठाऊक असलेली एखादी मुंगी येते, ओझ्याला थोडी दिशा देते आणि बाकीच्या तिच्यामागे जोर लावतात. खेळात हे स्वातंत्र्य नाही. शंभर जीव एकाच माणसाच्या हुकमाची वाट पाहत उभे राहतात. त्यामुळे फौज कितीही मोठी असली तरी कामाचा वेग ठरतो तो त्या माणसाच्या लक्षावर.

आणि माणसाचे लक्ष तोकडे असते. जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञाने १९५६ मध्ये, माणूस एका वेळी साधारण सात गोष्टी ध्यानात धरू शकतो, असे मांडले होते. पुढे २००१ मध्ये नेल्सन कोवन यांनी आधीचे प्रयोग तपासून हा आकडा चारच्या आसपास आणला. आपण ज्याला ‘एकाच वेळी दोन कामे’ म्हणतो, तेही बहुतेक वेळा या कामावरून त्या कामावर मारलेली उडी असते. प्रत्येक उडीत थोडा वेळ जातो आणि चूक होण्याची शक्यता वाढते. नवखा खेळाडू चार आघाड्या उघडतो आणि चारही गमावतो, त्याचे कारण हे आहे.

नवख्यांसाठी सहा गोष्टी

पहिली, आधी मोजा, मग माणसे लावा. ‘पिकमिन’मध्ये ओझ्याला हात लागला की आकडे दिसतात: किती जण हवेत आणि किती लागले आहेत. गरजेपेक्षा थोडे जास्त लावले तर ओझे लवकर हलते, पण एका मर्यादेपर्यंतच. दहा जणांच्या ओझ्याला चाळीस जण लावले, तर उरलेल्यांचा काही उपयोग नसतो.

दुसरी, वाट आधी मोकळी करा. ओझे वाहणारे पिकमिन लढत नाहीत. वाटेत शत्रू असेल तर ते मुकाट्याने त्याच्या तोंडात जातात. म्हणून ओझे उचलायला लावण्यापूर्वी तळापर्यंतच्या वाटेने एकदा फिरून यावे. जड गठ्ठा उचलण्याआधी हमाल समोरची वाट बघून घेतो, तसेच हे आहे.

तिसरी, रंग बघून काम द्या. लाल पिकमिनला आगीची बाधा होत नाही. निळे पाण्यात टिकतात, बाकीचे बुडतात. पिवळे इतरांपेक्षा उंच फेकता येतात आणि २००४ च्या दुसऱ्या भागापासून त्यांना विजेचा झटकाही लागत नाही. पाण्याच्या कडेला आल्यावर रंग निवडत बसण्यापेक्षा निघतानाच योग्य तुकडी सोबत घ्यावी.

चौथी, समोरून भिडू नका. ठिपकेवाला, जाडजूड बल्बॉर्ब हा इथला नेहमीचा शत्रू दिवसा झोपलेला असतो. समोरून गेलात तर एका घासात चार-पाच जण जातात. मागून जाऊन पाठीवर पिकमिन फेकावेत आणि तो अंग झटकू लागला की शिट्टी वाजवून सर्वांना मागे घ्यावे. माघारीची शिट्टी वेळेवर वाजवता आली, म्हणजे खेळ निम्मा आला.

पाचवी, आधी फौज वाढवा, मग मोहीम काढा. सुरुवातीच्या दिवसांत मोठ्या लढाया टाळून रंगीत गोळ्या आणि मारलेले छोटे शत्रू तळावर आणावेत. त्यातून नवी बीजे मिळतात. उगवलेला पिकमिन थोडा वेळ मातीत राहू दिला तर त्याच्या पानाची कळी आणि कळीचे फूल होते. फूलवाला पिकमिन जास्त वेगाने पळतो. लगेच उपटायची घाई करणाऱ्याला हा फायदा मिळत नाही.

सहावी, दोन आघाड्या पुरेत. एक तुकडी ओझे वाहत असताना स्वतः दुसरीकडे लढावे, पण तिसरे काम काढू नये. दोन्हीकडे नजर टाकण्याचा क्रम ठरवून घ्यावा. दर थोड्या वेळाने नकाशा पाहायचा, एवढा नियमही बराच उपयोगी पडतो. २०२३ मध्ये आलेल्या चौथ्या भागात यासाठी ‘दान्दोरी’ हा जपानी शब्द वारंवार येतो. कामाची आगाऊ आखणी करून कोणताही हात रिकामा न ठेवणे, असा त्याचा अर्थ.

फोनवरच्या खेळांनाही हेच लागू पडते. ‘क्लॅश रॉयल’मध्ये आठ पत्त्यांचा संच असतो आणि सैनिक उतरवण्यासाठी लागणारे जांभळे अमृत जास्तीत जास्त दहापर्यंत साठते. नवखा रोज नवा संच लावतो आणि अमृत मिळताच खर्चून बसतो. त्यापेक्षा एकच संच काही आठवडे वापरावा आणि समोरच्याची चाल पाहून उत्तर द्यावे. हात सरावले की ‘कोणता पत्ता काय करतो’ हे आठवण्यात लक्ष खर्च होत नाही. ते डाव वाचायला मोकळे राहते.

मेंदूला फायदा होतो का?

थोडा होतो, असे काही अभ्यास सांगतात. २००८ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात चंद्रमल्लिका बसाक आणि सहकाऱ्यांनी ज्येष्ठ नागरिकांना ‘राइज ऑफ नेशन्स’ हा डावपेचाचा खेळ सुमारे साडेतेवीस तास शिकवला. न खेळलेल्यांच्या तुलनेत त्यांची एका कामावरून दुसऱ्या कामावर वळण्याची क्षमता आणि तात्पुरती स्मरणशक्ती सुधारलेली दिसली. २०१३ मधल्या एका प्रयोगात, पूर्वी फारसे व्हिडिओ गेम न खेळलेल्या ७२ तरुणींना ४० तास खेळायला दिले. काहींना ‘स्टारक्राफ्ट’, तर काहींना ‘द सिम्स’ हा संथ खेळ दिला. ‘स्टारक्राफ्ट’मध्ये एकाऐवजी दोन तळ सांभाळावे लागलेल्या गटाच्या विचारांतली लवचिकता सर्वांत जास्त वाढली. फायदा वेगाने बटणे दाबण्यातून आला नव्हता. लक्ष विभागण्याच्या सरावातून आला होता.

वय वाढलेल्यांनी बिचकण्याचेही कारण नाही. कॅनडाच्या सायमन फ्रेझर विद्यापीठाने १६ ते ४४ वयाच्या ३,३०५ ‘स्टारक्राफ्ट २’ खेळाडूंच्या नोंदी तपासल्या. त्यात प्रतिसादाचा वेग वयाच्या चोविसाव्या वर्षापासूनच हळूहळू कमी होताना आढळला. पण वयाने मोठे खेळाडू सोपे डावपेच निवडून ही कसर भरून काढतात, असेही त्यात दिसले.

पण प्रयोगशाळेतल्या चाचणीत गुण वाढले म्हणून अभ्यासात किंवा कामावरही तितकीच सुधारणा होईल, असे नाही. आणि या प्रयोगांतले तास मोजलेले होते. झोप मोडून रोज पाच तास खेळणाऱ्याने त्यांचा आधार घेऊ नये.

सूर्यास्ताचा नियम

‘पिकमिन’च्या पहिल्या भागात एक गोष्ट फार शहाणपणाने घातलेली आहे. त्यातला दिवस सुमारे तेरा मिनिटांचा असतो. पडद्यावर सूर्य सरकताना दिसतो आणि शेवटी दहापासून उलटी मोजणी सुरू होते. सूर्य मावळताना जे पिकमिन तळावर किंवा सोबत नसतात, त्यांना निशाचर प्राणी खाऊन टाकतात. त्यामुळे खेळणारा काम अर्धवट टाकून सर्वांना गोळा करायला शिकतो. दिवस संपला की हिशेब समोर येतो आणि तिथे थांबणे सोपे जाते.

फोनवरच्या अनेक खेळांत सूर्य मावळतच नाही. एक डाव तीन मिनिटांचा असतो आणि तो संपताच पुढचा तयार असतो. ‘क्लॅश ऑफ क्लॅन्स’मध्ये इमारतीची बढती कधी काही तास, कधी काही दिवस चालते, ती पूर्ण झाल्याची सूचना केव्हाही येते आणि थांबायचे नसेल तर पैसे मोजून काम लवकर करता येते. म्हणून इथे सूर्यास्त खेळणाऱ्यालाच ठरवावा लागतो. ‘अर्धा तास’ म्हणण्यापेक्षा ‘पाच डाव’ असे मोजणे सोपे, कारण डावाच्या मध्ये उठणे कुणालाच जमत नाही. सूचना बंद ठेवाव्यात आणि मुलांच्या हातातल्या फोनला पैशांचे खाते जोडलेले नसावे.

झोपेचा प्रश्न भिवंडीसारख्या गावात अधिक गंभीर आहे. इथे माग रात्रपाळीतही चालतात आणि महामार्गालगतच्या गोदामांत रात्री-अपरात्री माल चढतो-उतरतो. पाळीत काम करणाऱ्याचे शरीराचे घड्याळ आधीच विस्कटलेले असते. डोळ्यांजवळचा उजेड झोप आणणाऱ्या मेलाटोनिनला रोखतो आणि अटीतटीचा डाव मनाला जागे ठेवतो. प्रौढांना किमान सात तास, १३ ते १८ वयाच्या मुलांना आठ ते दहा तास आणि सहा ते बारा वयाच्या मुलांना नऊ ते बारा तास झोप लागते. झोप रात्रीची असो वा पाळीनंतर दिवसाची, तिच्या आधीचा एक तास फोन दूर ठेवावा. झोपमोड झालेला माणूस दुसऱ्या दिवशी मागावर किंवा वाहनावर बसतो, तेव्हा चूक पडद्यावर घडत नाही.

डोळ्यांसाठी दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांपलीकडे पाहावे. पडद्याकडे बघताना पापण्या कमी मिटतात आणि डोळे कोरडे पडतात. मुलांनी रोज मोकळ्या उजेडात खेळणे चष्म्याचा धोका कमी करते. ती जागा कोणताही व्हिडिओ गेम घेऊ शकत नाही.

मदत केव्हा घ्यावी

खूप खेळणे म्हणजे आजार नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने ‘गेमिंग डिसऑर्डर’ला आजारांच्या यादीत स्थान दिले असून ती यादी जानेवारी २०२२ पासून लागू आहे. त्यासाठी तीन खुणा सांगितल्या आहेत: खेळण्यावर ताबा न राहणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळाला वरचे स्थान मिळणे आणि नुकसान दिसत असूनही खेळ चालूच राहणे. ही स्थिती साधारण वर्षभर टिकली आणि शिक्षण, काम किंवा घरच्या नात्यांवर तिचा ठळक परिणाम झाला, तरच डॉक्टर हे निदान करतात. पण वर्ष उलटण्याची वाट पाहायला नको. शाळा बुडू लागली, जेवण टळू लागले, फोन काढून घेतल्यावर हाणामारीपर्यंत गोष्ट गेली, तर लवकर बोलावे. केंद्र सरकारच्या ‘टेली मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत चालतो आणि तिथे मराठीतही बोलता येते.

आणखी एक फरक घरातल्या मोठ्यांनी ओळखायला हवा. पैसे लावून पैसे जिंकण्याचे ऑनलाइन खेळ हा वेगळा प्रकार आहे. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केलेल्या कायद्याने त्यांना मनाई केली आहे. मूल कोणता खेळ खेळते, हे विचारण्याचा सोपा मार्ग म्हणजे त्याच्याशेजारी बसून एक डाव त्याच्याकडून शिकणे. पहिला डाव मोठी माणसे हमखास हरतात. त्या हसण्या-खिदळण्यात ‘आजचे डाव किती’ हे ठरवून टाकले, तर फोन हिसकावून घ्यायची वेळ बहुधा येत नाही.