चमकणारा जेलीफिश: पार्टीसाठी बनवा, पण बटण सेल लांब ठेवा

आजचा एपिसोड घरातल्या काका, मामा, आत्या, मावशी लोकांसाठी. म्हणजे भाच्याचा किंवा पुतणीचा वाढदिवस आला, की "लायटिंगचं तू बघ" हे वाक्य ज्यांच्या वाट्याला येतं, त्यांच्यासाठी. पार्टीची थीम समुद्र असेल, तर चमकणारा जेलीफिश सगळ्यात जास्त भाव खातो. तो बनवायचा कसा, खरा जेलीफिश चमकतो कशामुळे, आणि कुठली एक वस्तू अजिबात वापरायची नाही, हे सगळं बघू.

आधी खरा जेलीफिश

उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्याला एक्वोरिया व्हिक्टोरिया नावाचा पारदर्शक जेलीफिश मिळतो. त्याला डिवचलं, की छत्रीच्या कडेने हिरवा प्रकाश दिसतो. १९६१ च्या उन्हाळ्यात ओसामू शिमोमुरा हे जपानी शास्त्रज्ञ अमेरिकेत फ्रायडे हार्बरला गेले आणि तिथे सुमारे १०,००० जेलीफिश गोळा केले गेले. हा प्रकाश येतो कुठून, ते काही केल्या कळेना. एकदा त्यांनी उरलेलं द्रावण सिंकमध्ये ओतलं, आणि सिंक निळं उजळलं! सिंकमध्ये समुद्राचं पाणी होतं, आणि त्यातल्या कॅल्शियमने ही करामत केली होती. पुढे तर त्यांची बायको-मुलंही जाळी घेऊन जेलीफिश पकडायला जायची.

तर यात दोन प्रथिनं आहेत. एक्वोरिनला कॅल्शियम मिळालं, की ते स्वतः निळा प्रकाश तयार करतं. दुसरं जीएफपी. ते स्वतः काहीच पेटवत नाही. एक्वोरिनची ऊर्जा घेतं आणि हिरव्या रंगात परत देतं. याच जीएफपीसाठी २००८ चं रसायनशास्त्राचं नोबेल शिमोमुरा, मार्टिन चाल्फी आणि रॉजर त्सियन यांना मिळालं.

म्हणजे एक स्वतःचा प्रकाश आणि एक उधारीचा प्रकाश. पार्टीत आपण दोन्ही करू शकतो.

स्वतःचा प्रकाश: आकाशकंदिलाचा जेलीफिश

दिवाळीचा गोल कागदी कंदील माळ्यावर पडून असेल, तर तो काढा. खाली झिरमिळ्या आहेतच, म्हणजे अर्धा जेलीफिश तयार. त्यात बबल रॅपच्या पट्ट्या आणि चमकीची रिबन कमी-जास्त लांबीची लावा. आत निळ्या एलईडीची माळ घाला. मुलांना चिकटवायचं काम द्या, टांगायचं काम तुम्ही करा.

आता ती वस्तू. इंटरनेटवर सोपा उपाय दिसतो: सीआर२०३२ चा चपटा बटण सेल घ्या, एलईडीचे दोन पाय त्याच्या दोन्ही बाजूंना लावा, वरून टेप. सर्किट म्हणून एकदम बरोबर आहे, ३ व्होल्टवर निळा एलईडी छान पेटतो. पण लहान मुलं असतील तिथे हे करू नका. टेप निघते आणि २० मिलिमीटरचा तो सेल तोंडात जातो. अन्ननलिकेत अडकला, की ओलाव्यामुळे त्यातून करंट वाहतो, तिथे तीव्र अल्कली तयार होते आणि दोन तासांतसुद्धा गंभीर जखम होऊ शकते. सेल वापरून उतरलेला असला तरी धोका असतो. मुलाने गिळल्याची नुसती शंका आली, तरी उलटी करायला लावू नका, वाट बघू नका, थेट एक्स-रेची सोय असलेलं हॉस्पिटल गाठा.

मग काय वापरायचं? पेन्सिल सेलवर चालणारी माळ, आणि तिच्या डबीचं झाकण स्क्रूने बंद होणारं बघून घ्या.

उधारीचा प्रकाश: हायलायटरचा जेलीफिश

पांढऱ्या कागदी प्लेटचा अर्धा भाग म्हणजे छत्री, क्रेप पेपरच्या पट्ट्या म्हणजे पाय. मुलांना हायलायटरने रंगवू द्या. मग दिवे बंद करून नोटा तपासायचा यूव्ही टॉर्च मारा. पिवळा-हिरवा रंग एकदम पेटतो! शेजारी ग्लासमध्ये टॉनिक वॉटर ठेवा, त्यातल्या क्विनाइनमुळे ते निळं चमकतं. टॉर्च बंद, की चमक बंद. जीएफपीचा उधारीचा व्यवहार मुलांना इथे डोळ्यांनी दिसतो. टॉर्च मोठ्यांच्याच हातात, आणि कोणाच्याही डोळ्यांवर मारायचा नाही.

बाटलीतला जेलीफिश

पातळ पारदर्शक पिशवीचा तुकडा घ्या, मधे थोडी हवा आणि थोडं पाणी ठेवून दोऱ्याने सैल बांधा, खालच्या भागाच्या पट्ट्या कापा. पाणी भरलेल्या बाटलीत सोडा, झाकण घट्ट लावा, खाली फोनचा टॉर्च ठेवा. बाटली उलटी-सुलटी केली, की तो पोहतो. हुबेहूब दिसतो ना? समुद्री कासवंही असंच फसतात आणि तरंगणारी पिशवी जेलीफिश समजून गिळतात. एवढं वाक्य मुलांना जरूर सांगा, वेगळं लेक्चर लागत नाही.

आणि शेवटी खेळ: अंधारातली शिवाशिवी

प्रत्येक मुलाकडे छोटा टॉर्च, पण बंद. खोलीत मंद उजेड ठेवा, सामान बाजूला सरकवा. एकावर राज्य, तो मासा. मासा ज्याला शिवेल, त्याने टॉर्च लावून जागेवरच डुलायचं. डिवचल्यावरच उजळायचं, एक्वोरियासारखं. सगळे उजळले, की दिवे लावा आणि केक कापा.

तुम्ही बनवलेल्या जेलीफिशचे फोटो नक्की पाठवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!