हनुवटीचं काय?

पुण्यातल्या नाना पेठेत हेल्मेटच्या दुकानासमोर जरा वेळ उभं राहिलं, की गिऱ्हाइकांचे प्रश्न पाठ होऊन जातात. डिक्कीत बसेल का? फार गरम होतं का? हॉर्न ऐकू येतो ना? आणि दबक्या आवाजात, हे घातलं तर पोलीस अडवणार नाहीत ना? ‘पडलो तर डोक्याला नेमकं कुठे लागेल?’ असं मात्र सहसा कुणी विचारत नाही. असलं अभद्र तोंडातून काढायचं कशाला! पण हाफ, ओपन फेस, फुल फेस की पुढून वर उचलता येणारं, हे ठरवायचं तर सुरुवात तिथूनच करावी लागते.

डिक्कीचा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. बऱ्याच स्कूटरींच्या सीटखाली फुल फेस हेल्मेट आडवं-तिरपं कसंही घुसवलं तरी सीट बंद होत नाही. हाफ हेल्मेट मात्र रेनकोट आणि भाजीच्या पिशवीशेजारी निमूट बसतं. म्हणजे डोक्यावर काय चढवायचं, हे अनेक घरांत सीटखालची जागा ठरवते. ती डोकं डोळ्यांसमोर ठेवून केलेली नसते, एवढंच.

आता पडण्याचं गणित. ‘इथं जवळच तर जायचंय, वीसच्या स्पीडने’ हे वाक्य आपण सगळेच म्हणतो. स्कूटरवर बसलेल्या माणसाचं डोकं जमिनीपासून साधारण दीड मीटरवर असतं. गाडी उभी असतानाही तिथून डोकं थेट खाली आलं, तर जमिनीला टेकताना त्याचा वेग ताशी सुमारे २० किलोमीटर असतो. तो गुरुत्वाकर्षणाने दिलेला वेग आहे. गाडी १० ने चालली होती की ४० ने, याच्याशी या उभ्या वेगाचा संबंध नाही. गाडीचा वेग तुम्हाला पुढे फरपटत नेतो आणि खांब, दुभाजक किंवा टेम्पोचं मागचं फळकूट वाटेत आलं तर तो मार वेगळा. पण डोकं रस्त्यावर आपटण्याचा हिशोब उंचीवर चालतो, आणि उंची तर रोजचीच असते.

हा ताशी २० किलोमीटरचा वेग शून्यावर यायला किती अंतर मिळतं, यावर बाकी सगळं अवलंबून असतं. डोकं अडीच मिलिमीटरांत थांबलं, तर त्याला गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ६०० पट सरासरी मंदन सोसावं लागतं. तेच अडीच सेंटिमीटरांत थांबलं, तर ६० पट. दहापट अंतर, दहावा हिस्सा मार. हेल्मेट हे अंतर पुरवतं, आणि ते पुरवणारा भाग असतो आतला थर्माकोल. बाहेरचं चकचकीत कवच मार पसरवतं, टोकदार वस्तू आत शिरू देत नाही आणि रस्त्यावरून घसरतं. ऊर्जा गिळण्याचं बरंचसं काम मात्र थर्माकोलचं. महाराष्ट्रात २०१८ मध्ये मखरांतून हद्दपार झालेलाच हा पदार्थ, फक्त इथं तो जास्त घट्ट दाबलेला असतो. त्याचे बारीक बंद कप्पे चिरडतात आणि पुन्हा फुगून येत नाहीत. म्हणून एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून धडधाकट दिसलं तरी बाद समजायचं. आरशाच्या दांडीवर रोज टांगून आतल्या थराला खळगा पाडणाऱ्यांनीही एकदा आत बोट फिरवून पाहावं.

डोक्याचा हा हिशोब मांडायला सुरुवात झाली एका प्रसिद्ध अपघातानंतर. मे १९३५ मध्ये इंग्लंडमधल्या डॉर्सेट परगण्यात टी. ई. लॉरेन्स, म्हणजे ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’, सायकलवरच्या दोन मुलांना चुकवताना आपल्या ब्रफ सुपीरिअर मोटारसायकलवरून फेकला गेला आणि सहा दिवसांनी वारला. त्याला तपासायला आलेल्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यविशारद होते. केर्न्स यांनी पुढे मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापती चिकाटीने अभ्यासल्या, १९४१ मध्ये हेल्मेटच्या उपयोगावर लेख प्रसिद्ध केला, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात ब्रिटिश लष्कराने आपल्या मोटारसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं. सामान्य ब्रिटिश नागरिकांवर ही सक्ती यायला १९७३ उजाडलं. सक्ती म्हटली की कुरकुर आलीच. पुणेकरांनी उगाच सगळं श्रेय घेऊ नये.

केर्न्स यांच्याबरोबर काम करणारे ऑक्सफर्डचे भौतिकशास्त्रज्ञ ए. एच. एस. हॉलबर्न यांनी १९४३ मध्ये आणखी एक मुद्दा मांडला, आणि तो पचायला जगाला बराच वेळ लागला. कवटीच्या आकारात जिलेटिनचा मेंदू बसवून त्यांनी दाखवलं, की मेंदूला सरळ धक्क्यापेक्षा गिरकी जास्त नडते. कवटी झटक्यात फिरते, आतला मऊ मेंदू मागे राहतो, आणि त्याचे तंतू व पृष्ठभागावरच्या शिरा ताणल्या जातात. रस्त्यावर पडणारा माणूस बहुतेक वेळा तिरकाच आपटतो, म्हणजे गिरकी ठरलेलीच. तरीही कितीतरी वर्षं हेल्मेटची परीक्षा सरळ खाली टाकून व्हायची. युरोपच्या ‘ईसीई २२.०६’ या अलीकडच्या मानकात ४५ अंशांच्या तिरक्या पृष्ठभागावर हेल्मेट आदळून ही गिरकी मोजायची चाचणी आली. काही महागड्या हेल्मेटच्या आत किंचित सरकणारा एक पातळ थर असतो, तो यासाठीच.

आता मूळ प्रश्न, लागतं कुठे? जर्मनीत हॅनोव्हरला डीटमार ओटे यांनी अपघातग्रस्त हेल्मेट जमा करून कुठे मार बसला याच्या खुणा नोंदवल्या. जवळपास एक तृतीयांश मार हनुवटी आणि जबड्याच्या पट्ट्यात होते. कपाळ आणि बाजूचे भाग यांचाही वाटा होता. थेट टाळूवर बसलेले मार अगदीच थोडे. माणूस पडतो तो पुढे किंवा कुशीवर, शीर्षासनात नाही. म्हणजे जिथं मार क्वचित बसतो ती जागा हाफ हेल्मेट मनापासून झाकतं, आणि जिथं वारंवार बसतो ती उघडी ठेवतं. कान, कानशिलं, मानेच्या वरची मागची बाजू, सगळा चेहरा बाहेर. हनुवटीवरचा मार हा दात आणि जबड्यापुरताही राहत नाही. जबड्याच्या सांध्यातून तो जोर कवटीच्या तळाशी पोचतो आणि तळ तडकू शकतो.

इथं पुराव्याच्या मर्यादाही सांगायला हव्यात. २००८ मध्ये कॉक्रेन या संस्थेने ६१ अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यात हेल्मेटने मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो असं दिसलं. पण कुठल्या प्रकाराचं हेल्मेट किती सरस, हे ठामपणे सांगण्याइतका पुरावा त्या आढाव्याला मिळाला नव्हता. त्यामुळे ‘फुल फेसने अमुक टक्के जास्त वाचतात’ असं कुणी सांगितलं तर मान डोलावू नका. फुल फेसची बाजू मी घेतो ती मार कुठे बसतो त्या नकाशावरून, आणि ती मला पुरेशी भक्कम वाटते.

फुल फेसवरच्या तक्रारींपैकी ‘बाजूचं दिसत नाही’ ही सर्वात जुनी आणि सर्वात तकलादू. युरोपीय मानकानुसार हेल्मेटची खिडकी समोरच्या रेषेपासून दोन्ही बाजूंना १०५ अंशांपर्यंत मोकळी हवी. आपल्या डोळ्यांची आडवी नजर साधारण तेवढीच पोचते. नजर खरी अडते ती ओरखडलेल्या काचेने. जूनच्या पावसात रात्री समोरून गाडी आली की प्रत्येक ओरखडा पेटतो आणि रस्ता दिसेनासा होतो. काळी काच उन्हात रुबाबदार दिसते, पण संध्याकाळी सातनंतर ती घालणं म्हणजे धाडस. काच पॉलिकार्बोनेटची असते. ती साध्या पाण्याने आणि मऊ फडक्याने पुसावी, पेट्रोल किंवा थिनरचा बोळा लावू नये. ऐकू येण्याबद्दल सांगायचं, तर हेल्मेट हॉर्नचा आवाज कमी करतं तसा वाऱ्याचा आणि इंजिनाचाही करतं, त्यामुळे गोंगाटातून हॉर्न वेगळा कळण्यात फारसं बिघडत नाही.

उकाड्याची तक्रार मात्र खरी. एप्रिलात दुपारी सिग्नलला फुल फेसमध्ये दोन मिनिटं उभं राहणं ही शिक्षाच आहे, आणि ती नाकारून कुणाचं भलं होत नाही. हवेचे झरोके गाडी चालली तरच उपयोगी पडतात. पुढून उचलता येणारं, म्हणजे फ्लिप-अप हेल्मेट हा यावरचा तोडगा. सिग्नलला वर, हिरवा झाला की खाली. ते वर ठेवूनच गाडी हाकणाऱ्यांनी आतलं लेबल पाहावं. युरोपीय मानकाच्या फ्लिप-अपवर ‘पी/जे’ अशी खूण असेल, तर ते बंद आणि उघडं अशा दोन्ही अवस्थांत तपासलेलं असतं. नुसतं ‘पी’ असेल तर ते बंदच असायला हवं. ‘एनपी’ असेल, तर हनुवटीपुढची ती पट्टी संरक्षण म्हणून गणलेलीच नाही, म्हणजे निव्वळ शोभेची. ज्याला फ्लिप-अपही सोसत नाही आणि ज्याचं फुल फेस कायम कोपरात अडकलेलं असतं, त्याने लांब काचेचं ओपन फेस घ्यावं आणि खरोखर घालावं. हाफ हेल्मेटची शिफारस मी कुणालाच करणार नाही.

प्रकार ठरला तरी अर्धं काम उरतंच. भुवयांच्या वर बोटभर अंतरावरून डोक्याभोवती टेप लावून घेर मोजावा. आपल्याकडच्या अनेक हेल्मेटवर ५८०, ६०० असे आकडे असतात, ते हे मिलिमीटर. घातल्यावर दोन्ही हातांनी हेल्मेट डावी-उजवीकडे फिरवलं, की गालाची कातडी बरोबर ओढली गेली पाहिजे. मग पट्टा लावून मागच्या कडेला बोटं घालून वर-पुढे ढकलावं. डोक्यावरून निघून आलं तर दुकानदाराला परत द्यावं, पॅडिंग दबून नंतर आणखीच ढिलं होणार असतं. हीच चाचणी रोजच्या अवतारात करावी. स्कार्फ बांधून हेल्मेट घालणाऱ्या मुलींनी स्कार्फसकट मापं घ्यावीत, आणि तो न बांधलेल्या दिवशी तेच हेल्मेट ढिलं होतं हे लक्षात ठेवावं. अंबाडा, क्लचर किंवा टणक क्लिप आतून हेल्मेटला उचलून धरते, शिवाय ती डोक्यात घुसायची भीती. केसांची वेणी किंवा मानेजवळ पोनी बरी. पट्टा न लावलेलं हेल्मेट डोक्याआधी रस्त्यावर पोचतं.

१ जून २०२१ पासून देशात दुचाकीसाठी आयएसआय मार्क नसलेलं हेल्मेट विकायला बंदी आहे. फूटपाथवर मात्र स्टिकर मुबलक. खऱ्या मार्काच्या वर ‘आयएस ४१५१’ आणि खाली ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकला, की परवाना कुणाच्या नावावर आहे ते कळतं. दुकानात उभ्या उभ्या होणारं काम आहे. रंगाचं म्हणाल, तर न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या २००४ सालच्या एका अभ्यासात काळ्याच्या तुलनेत पांढरं हेल्मेट घालणाऱ्यांना अपघाताचा धोका सुमारे २४ टक्के कमी आढळला. आपल्याकडे खप कुठल्या रंगाचा जास्त, ते कुठल्याही सिग्नलला मोजून पाहावं.

राहता राहिली मागची सीट. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये हेल्मेट न घातलेले ५०,०२९ जण देशात मरण पावले, त्यांतले १४,३३७ मागे बसलेले होते. चालवणाऱ्याला निदान हातात हँडल असतं, ब्रेक कधी लागणार ते ठाऊक असतं. साडीत एका बाजूला पाय सोडून बसलेल्या बाईला यांतलं काहीच नसतं. तिच्या वाट्याला बहुतेक घरांत येतं ते मुलाने टाकून दिलेलं, पॅडिंग सैल झालेलं जुनं हेल्मेट, नाहीतर डिक्कीत मावतं म्हणून ठेवलेलं हाफ. घरात एकच नवीन फुल फेस घ्यायचं असेल, तर माप तिच्या डोक्याचं घ्यावं.