गाविलगड आणि मेळघाट एकाच सहलीत कसे पाहाल?

नागपूरहून अमरावती, परतवाडामार्गे सुमारे सव्वादोनशे किलोमीटरवर चिखलदरा आहे. गावाजवळच गाविलगड. पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणाऱ्या वेलस्लीच्या फौजांनी डिसेंबर १८०३ मध्ये हा गड नागपूरकर भोसल्यांकडून जिंकला. आज तिथे पडकी तटबंदी, दरवाजे आणि तलाव उरले आहेत. भोवती मेळघाटचे सागवानी जंगल, देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक.

सहल कधी काढावी? चिखलदऱ्याला गर्दी पावसाळ्यात होते, पण तेव्हा सफारीचे बहुतेक मार्ग बंद असतात. म्हणून दोन्ही साधायचे तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. पहिल्या दिवशी गड पाहावा, दुसऱ्या दिवशी पहाटे सफारी. वाघाचा हट्ट मात्र धरू नये. या डोंगराळ, दाट जंगलात तो क्वचितच दिसतो. सांबर, रानगवे दिसण्याची शक्यता जास्त.